रिकाम्या गावातले सात तास

२७ नोव्हें. २००९, शुक्र.
कौल झाला. गावपळण येत्या शुक्रवारपासून. तीन दिवस, तीन रात्री गाव रिकामा, चौथ्या दिवशी देवाने होय म्हटलं तर परत. म्हणजे हॉटेलच्या ऑर्डरचे चार दिवस गेले. दिगूला म्हटलं, "तुझ्या आबांना सांग, देवाला म्हणावं नाताळ होऊ दे, मग पळव आम्हाला." आबा त्याचे काका, देवळातले मानकरी. देवाला गाऱ्हाणं तेच घालतात, देवाला फुलांचे कळे चिकटवून कौलही तेच घेतात, उजवा पडला की होय, डावा पडला की नाही. दिगू हसला. "बाई, देवाक तुमची ऑर्डर म्हायत नाय."
तारकर्लीचं नवं हॉटेल. चोवीस खोल्या, प्रत्येक खोलीच्या पाटीवर माशाचं नाव आणि चित्र. मासे मी हाताने काढतेय, दिगू काँप.मध्ये घेतो, लेसर मशीन कोरणार. आज सौंदाळा झाला. बांगडा नावाच्या खोलीत झोपायला लोक पैसे देणार, कमाल आहे.
पाट्या १५ तारखेपर्यंत हव्यात, २०ला उद्घाटन. हे नीट गेलं तर वर्षभर त्यांची सगळी कामं आपल्याकडे. नाही गेलं तर दुकान कशावर चालवायचं ते मला ठाऊक नाही. क्रिकेटच्या ट्रॉफ्यांवर मे महिन्यापर्यंतच पोट भरतं.
मीटर ६०२.

३ डिसें., गुरु.
चोवीस मासे पुरे! शेवटचा मुडदुसा. दिगूने सगळ्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेतली. म्हणाला, "बाई, काय झालां तर एक प्रत बाहेर असूक व्हयी." शहाणा आहे. अकरा वर्षांपूर्वी माझ्या टायपिंग क्लासला आला तेव्हा शाईची रिबन उलटी घालायचा.
अॅक्रिलिक कुडाळहून आलं. कोरायला सुरुवात परत आल्यावर. मशीनची लेसर-ट्यूब गार ठेवायच्या पाण्याची बादली ओतली, पंप पुसला, मेन स्विच बंद. दुकान म्हणजे आमचाच पुढचा ओटा, त्यामुळे कुलूप एकच. एक किल्ली माझ्याकडे, एक दिगूकडे.
कोंबड्या सहा, मांजर एक, माय एक. तिन्हींना उद्या उचलायचं आहे, त्यात मांजर सर्वात सोपं.
मीटर ६११. (काम संपलं की मीटर का लिहितेस, मायने विचारलं. मीटरवर मशीन चाललेले तास दिसतात, ट्यूब तासांवर मरते, म्हणून. शिवाय बावीस वर्षं हजेरी घेतली, हात ऐकत नाही.)

५ डिसें., शनि. हद्दीबाहेर, राहुटीत
काल सकाळी निघताना मायच्या बीपीच्या गोळ्या फडताळावर राहिल्या. चूक माझी. आज सकाळी तिला गरगरायला लागलं. आबांच्या राहुटीत गेले. म्हटलं, पाच मिनिटं जाऊन येते, हद्दीपासून घर हाकेवर. आबांनी डोळे मिटले. "बाय, पाच मिनटा काय नि पाच दिस काय. गाव आता देवाचो. थंय माणसाचो पाय नको." दिगू बाजूलाच उभा होता. तोही म्हणाला, "नियम म्हणजे नियम, बाई. तुमका म्हायत नाय काय?"
माहीत आहे. मी काही परकी नाही. माझा बापूस, त्याचा बापूस, आम्ही सगळे ख्रिस्तांव दर खेपेला देवाच्या शब्दावर गाव सोडून बसलोय. पाद्री हसायचा पूर्वी. तरी बसलो.
मसुऱ्याला रिक्षा करून गोळ्या आणल्या. माय आता बरी. कोंबड्यांनी तिच्या चादरीवर अंडं घातलं, त्यावरून भांडण.
दिगू दहा वाजता मोटरसायकल घेऊन मालवणात गेला, बायकोचं काहीतरी काम. सं. परत आला. मायसाठी सोलकढी घेऊन आला. देव बरं करो त्याचं.

७ डिसें., सोम.
उजवा कळा पडला. परत आलो. घरात वास, कोळिष्टकं, मुंग्या. बरं वाटलं.

८ डिसें., मंगळ.
आजपासून कोरायचं होतं. मशीन चालू, पंखा चालू, काँप. चालू. प्रोग्रॅम म्हणतो, मशीन सापडत नाही.
कसं सापडत नाही? समोर आहे! चार बाय तीनचं धूड आहे!
बंद केलं, चालू केलं. केबल काढली, फुंकली, घातली. मशीनच्या मागे केबलच्या भोकाशी हिरवा दिवा लुकलुकतो, म्हणजे तार जिवंत आहे. दिगू म्हणाला, "तीन दिवस बंद होता, बाई, दमट झाला आसात." कापडात तांदूळ बांधून मागे ठेवले, तेही करून बघितलं. मायने पवित्र पाणी शिंपडायला काढलं, हात धरला तिचा.
पाण्याच्या बादलीत अर्धं पाणी होतं. मी ओतली होती ना? ओतली असेल अर्धीच. डोकं ठिकाणावर नाही माझं.

९ डिसें., बुध.
दिगू म्हणतो, केबल उंदराने कुरतडली असणार. उंदीर गावपळणीला जात नाहीत, हे खरं. टेबलाखाली आडवी होऊन बॅटरीने सगळी केबल बघितली, कुठे दात नाही. तरी मालवणात जाऊन नवी आणली. नाही सापडत.
मग दिगू म्हणाला, ही साधी केबल, मशीनला क्रॉसची लागते, आतल्या तारा उलटसुलट जोडलेली. मग जुनी साधी दीड वर्ष कशी चालली? "ता काय सांगूक येवचां नाय, बाई, कधी कधी चालता."
उद्या कुडाळ.

१० डिसें., गुरु.
कुडाळ. एस.टी.त उभी. क्रॉसची केबल मिळाली. नाही सापडत.

११ डिसें., शुक्र.
काँप.मधलं अँटीव्हायरस बंद, फायरवॉल बंद, प्रोग्रॅम काढून पुन्हा घातला. काळी चौकट उघडून मशीनला हाक मारायची असते, ते पुण्याच्या इंजिनिअर मुलाने मशीन बसवताना शिकवलं होतं. हाक मारली की मशीनने ओ द्यायची. चार हाका मारतो काँप., चारही वेळा: उत्तर नाही. दिवसभरात दोनशे हाका झाल्या असतील. शेजारच्या म्हशीनेसुद्धा दिली असती ओ एवढ्यात.
दिगू दोन तास बसला माझ्याजवळ. नुसता मोबाइलवर. मी टेबलाखालून हाक मारली की केबल धरायचा. माझी पाठ गेली. त्याने बाम आणून दिला.

१२ डिसें., शनि.
दिगूने काँप.मधलं नेटवर्कचं कार्ड बदललं. नाही.
आता म्हणतो, कंट्रोलरच गेला. मशीनच्या पोटातली मुख्य पेटी. काढून पुण्याला पाठवूया, पंधरा दिवस लागतील. स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलासुद्धा. मी म्हटलं, थांब! पंधरा दिवस म्हणजे ऑर्डर गेली. आधी पुण्याचा इंजिनिअर फोनवर मिळू दे. तो कुठेतरी प्रदर्शनात आहे, सोमवारी येणार. दिगू थोडा चिडला. "तुमका माझ्यावर भरवसो नाय." मी म्हटलं, अरे, भरवसा तुझ्यावर आहे, त्या पेटीवर नाही.
सं. हॉटेलच्या मॅनेजरला फोन केला. पाट्यांना दोन दिवस उशीर होईल असं सांगितलं. तो एकदम मऊ! "काळजी करू नका मॅडम, दिगंबररावांनी सांगितलंय, सगळी व्यवस्था होईल." केवढा धीर आला. दिगूने माझ्या आधीच फोन करून सांभाळून घेतलंय. मायला म्हटलं, पोटचा असता तरी एवढं केलं नसतं.

१३ डिसें., रवि.
मिस. चर्चमध्ये प्रार्थनेत काही मागितलं नाही, फक्त मशीन मागितलं. लाज वाटली.

१४ डिसें., सोम.
सापडलं!!!
पुण्याचा इंजि. साडेअकराला मिळाला. सगळं ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न, "मॅडम, मशीनवर स्वतःचा पत्ता काय दिसतो?" मी म्हटलं, मशीनच्या पडद्यावर सगळं चिनी, मला चार बटणं पाठ आहेत, बाकी कधी बघितलं नाही. "आकडे तर चिनी नसतील ना?" असं म्हणून त्याने फोनवर बटणं सांगितली: खाली, खाली, मधलं, खाली. आकडे दिसले. १९२.१६८.०.२५.
असायला हवे होते १९२.१६८.१.१००.
म्हणजे काँप. बिचारा जुन्या वाडीत हाका मारतोय आणि मशीन दुसऱ्या वाडीत जाऊन बसलंय. कुठून ओ देणार? जुना पत्ता घातला, त्याने सांगितलं तसा. प्रोग्रॅम उघडला. एका सेकंदात सापडलं. मी आणि माय दोघी ओरडलो, कोंबड्या उडाल्या.
इंजि. म्हणाला, "पत्ता कोणी बदलला?" मी म्हटलं, कोणी नाही, आपोआप झाला असेल, दमटपणाने. तो हसला. "आपोआप नाही बदलत, मॅडम. कोणीतरी दुसरा काँप्युटर जोडला असेल. लॅपटॉप वगैरे."
दिगूला फोन केला. म्हटलं, सापडलं! तो म्हणाला, "बरां झालां." एवढंच. मला वाटलं गाडीवर असेल.
दु. पाच पाट्या कोरल्या. मशीन बंद करताना सवयीने मीटर बघितलं.
मीटर ६१९.
पाच पाट्या म्हणजे तास-सव्वा तास. ६१२ हवं.
वही मागे उलटून बघितलं. ३ डिसें., मीटर ६११. माझंच अक्षर.

१५ डिसें., मंगळ.
झोप नाही.
मशीन सात तास चाललंय. मी नसताना. मी या ओट्यापासून लांब कधी असते? दुकान उघडं नसलं तरी मी भिंतीपलीकडे चुलीशी असते, मशीनची घरघर मला झोपेतही कळते. मी नसले तर माय असते; दीड वर्षात आम्ही दोघी दिवसभर घरात नव्हतो असं एकदाच झालं. तेव्हा गावात कोणीच नव्हतं. कुत्रंसुद्धा नव्हतं.
सकाळी इंजि.ला पुन्हा फोन केला. विचारलं, मशीनला आठवतं का, मागे काय कोरलं ते? म्हणाला, आठवतं, काढून टाकलं नसेल तर. काँप. लागतच नाही. पडद्यावर यादी, त्यातलं निवडा, खाली अॅक्रिलिकचा तुकडा ठेवा, हिरवं बटण.
तुकडा ठेवला. यादीत माझ्या कालच्या पाचांच्या खाली आणखी होतं. निवडलं. हिरवं बटण.
डोकं डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं. आधी शेपूट आली. मग कल्ले. मी काढलेले कल्ले, मी बांगड्याला मुद्दाम जाडे ओठ दिलेत, तेही आले. मग नाव. बांगडा. खोली ७.
पुढचं निवडलं. पापलेट. पुढचं. तामोशी. सगळे आहेत. चोवीस.
मॅनेजर का मऊ होता ते कळलं: पाट्या दिगूकडे तयार होत्या.
मी टेबलाखाली आडवी होते, आठवडाभर. तो केबल धरत होता.

१६ डिसें., बुध.
दिगू आला सकाळी. मी बांगडा टेबलावर ठेवला होता. बघितलं त्याने. म्हणाला, "झाली काय सुरुवात?" मी म्हटलं, ही तुझी आहे, माझी नाही. मशीनच्या डोक्यातून काढली.
"चायनाचां मशीन तां, बाई, कायव करता."
मी मीटर सांगितलं. पत्ता सांगितला. शनिवार सांगितला, दहा ते संध्याकाळ, मालवण.
तो खुर्चीवर बसला. मी वाट बघत होते की आता म्हणेल, बाई, चुकलो. मी तयारी ठेवली होती मनात, काय बोलायचं त्याची. रागावायचं, मग पाणी द्यायचं.
तो म्हणाला, "कोणाक सांगशात?"
एवढंच विचारलं.

१७ डिसें., गुरु.
दिगूने किल्ली मायकडे देऊन टाकली. माझ्यासमोर आला नाही. मायने विचारलं तेव्हा म्हणाला, कणकवलीला स्वतःचं दुकान घालतोय, मशीन महिन्याने येणार, हॉटेलवाल्यांना शब्द दिला होता, पाट्या वेळेत हव्या होत्या. लॅपटॉप जोडताना बदललेला पत्ता परत जुना करायला विसरला म्हणाला. नंतर सांगता येईना.
विसरला हे खरं असेल. मग केबल? क्रॉसची? मला एस.टी.त उभी करून कुडाळला पाठवलं तेही विसरून? पेटी काढून पुण्याला पाठवत होता, ती यादी पुसायला नाही तर कशाला?
मायला म्हणे असंही म्हणाला, "किती वर्सां मी 'बाईंचो दिगू' म्हणान रवूचा?" अरे, मग सांगायचं होतंस. मी अडवलं असतं? चहा पाजून पाठवला असता. पाटी मी फुकट कोरून दिली असती तुझ्या दुकानाची, मेल्या!

२० डिसें., रवि.
मिसनंतर तारकर्लीला गेले. जायचं नव्हतं. गेले. मॅनेजरने ओळखलं नाही, फोनवरच बोललो होतो. खोल्यांच्या दारांवर माझे मासे. काठावर धुराचे डाग तसेच, स्पिरिटने पुसले नाहीत. मी असं काम बाहेर जाऊ दिलं नसतं. बांगड्याला हात लावून बघितला. कोणीतरी शहरातली बाई फोटो काढत होती, म्हणाली, "किती गोड ना!" हो म्हटलं.

२५ डिसें.
नाताळ. नेवऱ्या केल्या. दरवर्षी पहिलं ताट दिगूच्या घरी जातं, चतुर्थीला त्यांच्याकडून मोदक येतात. मायने ताट भरलं आणि माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "त्याच्या पोरांचो काय गुनो?" शेवटी तीच घेऊन गेली.

३ जाने. २०१०, रवि.
हे काय आणखी.
खाडीत जाळी लावणारा बाबल गावपळणीत हद्दीबाहेर होडीतच राहिला होता, दरवेळी राहतो. तो आता सांगत फिरतोय. "शनवारी गावातसून घुंयघुंय आवाज येय होतो. नि धूर. ख्रिस्तांवांच्या वाडीकडसून. मार्था बायच्या घराकडसून."
मशीनचा धूर सोडायचा पाइप. तो मीच बसवून घेतलाय, खाडीच्या बाजूला.
दुपारपर्यंत गावभर. तिठ्यावरच्या दुकानात गप्प झाली सगळी मी गेल्यावर. मीठ घेतलं आणि आले.

४ जाने., सोम.
आबा आले. आत नाही आले, पायरीवरच. माझ्या घरात ते पन्नास वेळा चहा प्याले असतील. "बाय, लोक काय काय बोलतत. येत्या आयतवारी देवळात बैठक आसा. गावपळण मोडली काय नाय ता देवाक इचारूचां आसा. तुया ये." मी म्हटलं, येईन. दिगू त्यांच्या मागे गाडीवर बसला होता. गाडी बंदही केली नव्हती त्याने. तिथून सगळं ऐकलं आणि आपला आरसा नीट करत बसला.

५ जाने.
ट्रॉफ्यांची एक ऑर्डर शेजारच्याच वाडीने परत घेतली. कारण सांगितलं नाही.
माय म्हणते, तो तुकडा ने नि आबांच्या समोर ठेव, मीटरची वहीही ने. मी पण तेच म्हणते. मग मी का नेत नाही अजून?
गाव दिगूला काय करील ते मला माहीत आहे. मानकऱ्याच्या घरातल्याने पळण मोडली! देवळाची पायरी बंद. आबांचं गाऱ्हाणं बंद. त्याच्या पोरींची लग्नं. हे सगळं मी का विचारात घेतेय? त्याने माझं घेतलं होतं?

७ जाने., गुरु.
दिगू आला. दु. तीनला, माय झोपली होती तेव्हा, मागच्या दाराने. तीन आठवड्यांनी समोर आला. दाढी वाढलेली. उभाच राहिला. मग एकदम रडायला लागला. मला वाटलं, आलं. शेवटी आलं. मीही रडकुंडीला आले, खोटं कशाला लिहू. अकरा वर्षं माझ्याजवळ असलेला माणूस.
त्याची धाकटी आजारी आहे, ताप उतरत नाही. गाईने वासरू टाकलं. "देव माका सोडूचो नाय, बाई."
मी म्हटलं, आबांना सांग मग, खरं सांग.
"आबांक सांगलंय तर आबा मरतले."
मग?
मग म्हणाला. शब्द न् शब्द लिहून ठेवते. "बाई, तुमी म्हणा, मी गेल्लंय म्हणान. आवशीच्या गोळये हाडूक. सगळ्यांनी आयकलानी हा तुमी इचारलास ता. म्हणा, धीर धरूक नाय, गेलंय, मशीन बंद रवला काय ता बघलंय. आबा तुमका माफ करतले, गाऱ्हाणा घालतले. तुमका देव कायव करूचो नाय. तुमचो देव वेगळो."
म्हणजे मी गेले होते असं मीच सांगायचं. मी विचारलं, तू देवाला घाबरतोस. मला नाही घाबरलास? माझ्या घरात, माझ्या खुर्चीवर सात तास बसलास, माझ्या मशीनवर, तेव्हा एकदा तरी वाटलं काही?
त्याला प्रश्नच कळला नाही. खरोखर कळला नाही. डोळे पुसत म्हणाला, "तुमचा काय, बाई? तुमका दुसरी ऑर्डर गावतली."
मी दार उघडलं. तो गेला.
तुमचो देव वेगळो. मायला गरगरत असताना मी हाकेवरच्या घरात गेले नाही ते कोणासाठी? हा गाव माझा नाही? मग कुठचा माझा?

८ जाने.
काही नाही. मशीन पुसलं. मीटर ६४३.

९ जाने., शनि.
माय म्हणाली, "खरां बोल नि ये. जेवणाक सुंगटांची कढी करतंय." तिला एवढं सोपं वाटतं सगळं.

१० जाने., रवि. सं.
गेले. पांढरी साडी नेसले होते, मिसला नेसते ती. सभामंडपात बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला. मी गेल्यावर दोघी सरकल्या, जागा द्यायला की दूर व्हायला, कळलं नाही. दिगू आबांच्या शेजारी, मान खाली.
बाबलने सांगितलं आपलं घुंयघुंय. मग आबांनी विचारलं, "मार्था बाय, तू गेल्लंस?"
उठले. म्हटलं, नाही गेले.
"मगे कोण गेल्लो?"
पिशवीत तुकडा होता. वही होती. दिगूकडे बघितलं. त्याने एकदा वर बघितलं आणि नुसती मान हलवली, नको म्हणून. विनवल्यासारखी नाही, शिकवल्यासारखी. मी शिकवायचे त्याला तशी.
मी म्हटलं, ज्याला माहीत आहे तो इथेच बसलाय. देवाच्या पुढ्यात बसलाय. त्याने बोलावं. मी त्याच्यासाठी बोलणार नाही आणि त्याच्याऐवजी तर नाहीच नाही.
बसले. एक जण म्हणाला, ही गोलमोल बोलते, ख्रिस्तांवांचं असंच. आबा त्याच्यावर ओरडले. मग गाऱ्हाणं घातलं, कळे लावले. तासभर बसलो. एकही कळा पडला नाही, ना उजवा ना डावा. पुढच्या रविवारी पुन्हा.
घरी येताना आबा मागून आले. एकटे. दमले होते, कठड्याला धरून उभे राहिले. म्हणाले, "बाय, एक इचारतंय. तुझ्या त्या मशीनाचां माका काय कळणा नाय. तां चालवूक गावात कोणाकोणाक येता?"
म्हटलं, मला.
आणि पुढचं नाव तोंडात आलं होतं. अकरा वर्षं दिवसातून शंभर वेळा घेतलेलं नाव. ते आलं आणि तिथेच राहिलं. का, माझं मला कळत नाही. राग दिगूचा नाही एवढा, या क्षणी माझाच येतोय.
आबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. शेवटी "बरां" म्हणाले. मग घराकडे वळले. ते आणि दिगू एकाच घरात राहतात.